पास, सेकंड, चिंधी

माझे बाबा रोज सकाळी मांजरीची शी बघायचे. ही गोष्ट मी आजवर फारशी कुणाला सांगितली नाही, कारण ऐकणारा हसतो आणि मला मात्र अजूनही नीट हसू येत नाही. चहा व्हायच्या आधी, मिलचा भोंगा वाजायच्या आधी बाबा मागच्या अंगणात जायचे. तिथे न्हाणीच्या भिंतीशी गोडेतेलाचा रिकामा डबा आडवा कापून ठेवलेला असायचा आणि त्यात शेगडीची राख. बाबा उकिडवे बसायचे, खराट्याची एक काडी मोडून घ्यायचे, राख हलकेच बाजूला सारायचे आणि मान तिरकी करून बघत राहायचे. मग आत येऊन मायला निकाल सांगायचे. "पास." किंवा "सेकंड." आणि कधी कधी, पडलेल्या चेहऱ्याने, "चिंधी."

हे शब्द मिलचे. बाबा कापडाच्या मिलमध्ये घडी खात्यात होते. विणून आलेलं कापड तिथे तिरक्या टेबलावरून ओढलं जायचं आणि खिडकीच्या उजेडात बाबा त्यातला तुटका धागा, तेलाचा डाग, विरळ पट्टी शोधायचे. दोष नसला तर पास. थोडा असला तर सेकंड. कापूनच काढावं लागलं तर चिंधी. दिवसभर हे तीन शब्द बोलून त्यांची बोलायची हौस तिथेच फिटत असावी, कारण घरी ते फारसे बोलत नसत. रागावत नसत, मारत नसत, कौतुकही करत नसत. माझं प्रगतिपुस्तक पुढे ठेवलं की सही करून परत द्यायचे. एका वर्षी मी वर्गात पहिली आले होते. तेव्हाही सहीच. मी दारात थोडी रेंगाळले, तर म्हणाले, "जाय, मायले मदत कर." मांजरीला मात्र रोज सकाळी शेरा मिळायचा.

मांजर आमच्याकडे आली ती माझ्या लग्नानंतर. माझं सासर कळमेश्वरचं; नवरा तिथल्या एका कारखान्यात कामाला. नागपूरहून कळमेश्वर म्हणजे काही परदेश नव्हे, एसटीत बसलं की पोचलं. पण लग्न झालेल्या मुलीचं माहेर किती लांब आहे हे एसटीवरून ठरत नाही. मी गेले आणि लगेचच एक भिजलेलं, पोट खपाटीला गेलेलं पिल्लू सक्करदऱ्याच्या तलावाकडून आमच्या गल्लीत आलं आणि थेट आमच्याच घरात शिरलं. माय हे मोठ्या कौतुकाने सांगायची. मला ऐकताना वाटायचं, मी जागा कधी रिकामी करते याची ही वाटच बघत होती.

घरात मला 'बाई' म्हणत. बाबा एरवी फारशी हाक मारायचे नाहीत, पण जी मारायचे ती हीच. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आले होते, तेव्हा अंगणातून बाबांचा आवाज आला, "बाई, ये वं." मी हातातलं काम टाकून धावत गेले. बाबांच्या पायाशी मांजर शेपटी उभारून उभी होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि थोडे ओशाळले. म्हणाले, "तिले म्हनलं." मी गेल्यावर तो शब्द घरात नुसता पडून होता, त्यांनी तो उचलून तिला देऊन टाकला. माझी एखादी जुनी साडी कुणी वापरायला काढली असती तर मी दोन दिवस फुगून बसले असते आणि विसरले असते. शब्द दिलेला मी विसरले नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातवा संपता संपता मी सक्करदऱ्याला आले. जूनचा महिना होता, पाऊस अजून तोंड दाखवत नव्हता. आमच्या दोन खोल्यांच्या घरात उन्हाळ्यात निजायला एकच जागा थंड असायची, ती रांजणाजवळची. पाणी झिरपून तिथली फरशी सतत ओलसर असायची. लहानपणापासून ती जागा माझी. मी पिशवी ठेवली आणि बघितलं तर तिथे मांजर चारी पाय पसरून पडली होती. तिने एक डोळा उघडला, माझं वाढलेलं पोट बघितलं आणि डोळा पुन्हा मिटून घेतला. मी मायला म्हटलं, "हिले उठव ना." माय म्हणाली, "राहू दे वं, तिले गरमी सोसत नाई." मला सोसत होती जणू.

तिचं पोट नाजूक होतं. गल्लीतल्या सगळ्यांच्या डोक्यात मांजर म्हणजे दूध, त्यामुळे जो तो वाटी पुढे करायचा. शेजारच्या काकू तर तिला साय घालायच्या. दुसऱ्या दिवशी डब्यात चिंधी. बाबांनी काही दिवस नुसतं बघितलं. कोणत्या दिवशी ती कुणाकडे गेली होती आणि नंतर राखेत काय निघालं, याचा मनातल्या मनात मेळ घातला. मग एका संध्याकाळी मिलमधून आल्यावर ते दारोदार फिरले. "आमच्या मांजरीले दूध देऊ नोका जी. तिले पचत नाई." मांजरीला दूध पचत नाही हे ऐकून काकू तोंडाला पदर लावून आत गेल्या. हे सगळं मायने मला रंगवून सांगितलं. मी ऐकत होते आणि आठवत होते, की माझ्या शाळेची पायरी बाबा कधी चढले नव्हते. बाईंनी वडिलांना घेऊन ये म्हणून सांगितलं होतं, तेव्हाही त्यांनी मायलाच पाठवलं होतं.

दुधाऐवजी तिला मासोळ्या ठरल्या. बुधवारच्या बाजारातून बारीक मासोळ्या आणायच्या, मीठ-हळद न घालता उकडायच्या आणि मऊ भातात कालवायच्या. काटे बाबा स्वतः काढायचे, चष्मा लावून, ताटलीवर वाकून, एकेक. लहानपणी एकदा माझ्या घशात काटा अडकला होता. तेव्हा त्यांनी सुक्या भाताचा गोळा करून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "गिळ." उपाय लागू पडला, नाही म्हणत नाही. पण माझा काटा मी गिळला होता आणि हिचे काटे ते काढत होते, हा फरक मला ताटाशी बसल्या बसल्या रोज दिसायचा.

आल्या दिवशीच मी अंगणात गेले, तर डब्याच्या वासाने मला मळमळून आलं. मी नाकाला पदर लावून उंबऱ्यावर बसून राहिले. बाबा तिथेच काडी घेऊन बसले होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातली. पुढे अंगणात फिनेलचा वास यायला लागला तेव्हा मला वाटलं, माय माझ्यासाठी न्हाणी धुऊन काढते आहे. निदान मायला तरी माझी काळजी आहे, असं म्हणून मी मनाची समजूत घातली.

त्या दिवसांत माझंही पोट साफ होत नव्हतं. पोटुशी बाईला हा त्रास होतो, त्यात नवल नाही. पण आपल्याला होतो तेव्हा कुणीतरी विचारावं असं वाटतं. एके दिवशी मी आत भिंतीला टेकून बसले होते. मिलमधून आलेल्या बाबांनी सायकल लावली आणि पहिलाच प्रश्न मायला विचारला, "आज झाली का वं तिची?" माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बाबा असलं काही लेकीबद्दल विचारतील हे स्वप्नातही आलं नसतं. लाजही वाटली आणि बरंही वाटलं, आणि काय उत्तर द्यावं या विचारात मी होते तेवढ्यात माय म्हणाली, "नाई ना जी. सकाळपासून राख कोरडीच हाय."

मी पदराने डोळे पुसले आणि मांजरीकडे असं बघितलं, की तिला काही कळत असतं तर ती त्या दिवशी घर सोडून गेली असती.

राख दुसऱ्या दिवशीही कोरडी निघाली, तिसऱ्याही. बाबा सकाळी डब्याशी जास्त वेळ बसायला लागले. काडीने कोपरे उकरायचे. चहा गार व्हायचा. संध्याकाळी मांजरीला मांडीवर घेऊन तिच्या पोटावरून बोटं फिरवायचे, एकदा उजव्या बाजूने, एकदा डाव्या. "कडक लागून राहिलं का वं?" ते मायला विचारायचे आणि माय हात लावून म्हणायची, "मले तं नरमच लागते." मग एरंडेल झालं. बाबांनी तिला गमछ्यात गुंडाळून धरली, मायने चमच्याने तेल घातलं, निम्मं बाबांच्या बंडीवर सांडलं आणि उरलेल्यापायी त्यांच्या मनगटावर लांब ओरखडे उठले. ते ओरखडे त्यांनी तेवढ्याच शांतपणे धुतले. बाबांच्या अंगावर असा लाडाने ओरखडा काढायची माझी कधी छाती झाली नव्हती.

तरीही राख कोरडी. बाबांनी रजा टाकली. हा माणूस माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशीही घडी खात्यात उभा होता. त्यांनी भाजीच्या पिशवीत मांजर घातली, तिचं डोकं तेवढं बाहेर ठेवलं, पिशवी सायकलच्या हँडलला अडकवली आणि बर्डीवरून पार पलीकडच्या जनावरांच्या दवाखान्यात निघाले. मी दारात उभी राहून बघत होते. लहानपणी मी किती वेळा म्हटलं असेल, बाबा, मला बर्डीवर न्या, दुकानं दाखवा. "नेईन" म्हणायचे. शेवटी बर्डी दाखवली ती तिला.

दुपारी परत आले ते घामाने निथळत. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, मऊ आहे म्हणाले, खाते-पिते आहे म्हणाले, वाट बघा म्हणाले. बाबा जेवले नाहीत. डब्याशी जाऊन बसले. भर उन्हात, डोक्यावर ओला गमछा टाकून, रिकाम्या राखेकडे बघत. आणि तेव्हा माझा तोल गेला. सातव्या-आठव्या महिन्याच्या बाईचं जे जे दुखतं ते सगळं माझं दुखत होतं आणि त्यातलं कुणाला काही ठाऊक नव्हतं. मी उंबऱ्यात जाऊन उभी राहिले.

"बाबा," मी म्हटलं, "मीबी आहो ना या घरात."

त्यांनी वर बघितलं. कापड बघताना बघायचे तसं, मान तिरकी करून, वरपासून खालपर्यंत. मी वाट बघत होते. काहीही म्हणाले असते तरी चाललं असतं, रागावले असते तरी. ते उठले, डोक्यावरचा गमछा काढून पिळला आणि माझ्या खांद्यावर टाकला. "उनात उभी राहू नोको," म्हणाले आणि आत गेले. मी त्या गमछ्याचा वास घेतला. त्याला मांजरीचा वास येत होता.

संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या, तावातावाने. त्यांच्याकडे नवी न्हाणी बांधायचं काम निघालं होतं आणि मागे वाळूचा ढीग पडला होता. "वैनी, तुमची मांजर आमच्या वाळूत हागून राहिली जी. गवंडी काम सोडून चालला." माय काही म्हणायच्या आत बाबा उभे राहिले. मी त्यांना इतक्या चपळाईने उठताना कधी पाहिलं नव्हतं. खराट्याची काडी मोडून ते काकूंच्या अंगणात गेले. आम्ही तिघी मागोमाग. बाबा वाळूच्या ढिगापुढे उकिडवे बसले, काडीने उकरत राहिले, एक सापडलं, दुसरं सापडलं, आणि मग त्यांनी मान वर केली. चेहरा उजळला होता.

"पास," ते म्हणाले. "सगळं पास."

काकू माझ्या मायकडे बघत राहिल्या. मग मांजरीने आपला डबा का सोडला हे बघायला सगळे आमच्या अंगणात आले. काकू डब्याशी वाकल्या आणि लगेच मागे सरल्या. "फिनेलचा वास मारून राहिला ना याच्यात. जनावर कसं जाईन? कोनं टाकलं?"

"मी नाई टाकलं," माय म्हणाली. आणि तिने बाबांकडे बघितलं.

बाबा वाळूचे हात झटकत होते. झटकून झाले तरी झटकतच राहिले. "बाईले मळमळत होतं," ते म्हणाले.

मी आधी मांजरीकडेच बघितलं. मग कळलं की ही बाई म्हणजे मी. आल्या दिवशी मी नाकाला पदर लावला होता, तो त्यांनी बघितला होता, आणि रोज सकाळी कुणाला न सांगता राखेवर फिनेल शिंपडत होते. मांजरीने डबा सोडला तो त्या वासाने, आणि एवढ्या बारीक नजरेच्या माणसाच्या ते लक्षातच आलं नव्हतं. आता तुम्ही म्हणाल, मग मी निवळले असेन. थोडी निवळले. पण जास्त संताप आला. केलं तर सांगायचं नाही? मांजरीचा निकाल घरभर सांगता येतो, शेजारी सांगता येतो, दवाखान्यात जाऊन सांगता येतो, आणि लेकीसाठी केलेलं डब्यात लपवून ठेवायचं? मी त्या दिवसापासून डब्याजवळून नाक न झाकता जायला लागले. फिनेल बंद झालं. मांजर परतली. सकाळी पुन्हा पास, पास, सेकंड.

मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा बाबा दारात उभे होते. त्यांनी तिला हातात घेतलं नाही, नुसतं दुपटं बाजूला करून बघितलं आणि सायकल काढून मिलमध्ये गेले. मी मायला म्हटलं, "सहीबी नाई केली." मायला काही कळलं नाही.

रांजणाजवळची जागा मात्र मांजरीने आपण होऊन सोडली. बाळाच्या रडण्याने ती न्हाणीच्या वळचणीला राहायला गेली. मला वाटलं होतं मी जिंकले म्हणून खूप आनंद होईल. बाळंतपणात कसला आनंद होतो कुणास ठाऊक, मी नुसती झोपून गेले.

पोळ्याच्या सुमारास मुलीचं पोट बिघडलं. हिरवं, पाण्यासारखं, सारखं सारखं. पोर बघता बघता वाळली, टाळू खोल दिसायला लागली. काकू म्हणाल्या, नजर लागली, मिरच्या ओवाळा. आणि म्हणाल्या, उद्या मारबत निघते, पोरीची पीडा तिच्यासंगं धाडून द्या. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीचे पुतळे मिरवत नेतात आणि रस्त्यावरचा प्रत्येक माणूस आपली रोगराई घेऊन जा म्हणून तिला ओरडून सांगतो. मी तर सांगायला तयार होते. मी कुणालाही काहीही सांगायला तयार होते.

बाबा म्हणाले, "नाई."

आमच्या घरी हे सगळं दीक्षेपासून बंद होतं. बौद्ध झालो तेव्हा घरातले देव तलावात शिरवले आणि त्यांच्याबरोबर अंगारे, धुपारे, उतारे सगळे गेले, एवढं मला ठाऊक होतं. पण घरात लेकरू आजारी असताना नुसतं नाही म्हणून कसं चालेल? मी रडत म्हटलं, "मंग काय करू?"

"पाहू," बाबा म्हणाले. "लंगोट धुवू नोको. आधी मले दाखव."

आणि माझे बाबा, ज्यांनी माझ्या लेकीला अजून हातात घेतलं नव्हतं, ते तिचे लंगोट बघायला लागले. ते लंगोट मिलमधूनच आणलेल्या कापडाचे होते, बाबांनीच कधीतरी सेकंड ठरवलेल्या ताग्यातल्या तुकड्यांचे. ते प्रत्येक लंगोट दोन्ही हातांनी ताणून धरायचे, दाराच्या उजेडात न्यायचे, मान तिरकी करायचे. नाकाजवळ नेऊन वासही घ्यायचे. घाण वाटल्याची एक रेघ चेहऱ्यावर नाही. काही वेळाने म्हणाले, "चिंधी. चाल, दवाखान्यात." रिक्षा आणली आणि पोरीला मांडीवर घेऊन स्वतः बसले. पहिल्यांदाच घेतलं तिला. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, किती वेळा झाली, रंग कसा, रक्त दिसलं का. मी गडबडले. बाबांनी सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, "रगत नाई. एकाबी कपड्यावर नाई. मी पाह्यलं." त्या म्हणाल्या, अंगावरचं दूध तोडू नका आणि हे औषध द्या. पुढे घरी दिवसभर बाबा घड्याळ बघून औषध द्यायला सांगायचे आणि दाराशी उभं राहून लंगोटाची वाट बघायचे.

मारबत निघाली त्या दिवशी लांबून लोकांचा ओरडा ऐकू येत होता. बाबांनी दारात एक लंगोट ताणून धरला होता. "सेकंड," ते म्हणाले. पाऊस पडून गेला, दोरीवर वाळत घातलेले लंगोट पुन्हा भिजले, आणि पुढच्या सकाळी पिवळा, घट्ट, चांगला डाग असलेला एक लंगोट त्यांनी उजेडात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"पास," बाबा म्हणाले.

मी पोरीला छातीशी धरून रडले. आणि खरं सांगते, त्या रडण्यातसुद्धा एक बारीक काटा होता. मांजरीची कशीतरी सवय करून घेतली होती. आता बाबांची सगळी नजर माझ्या लेकीकडे गेली. आता ही दुसरी वाटेकरीण आली, आणि ती मीच नऊ महिने वाढवून आणली होती. पोर वाचली या आनंदात कुठली बाई असा विचार करते? मी करत होते. मला बरं वाटत होतं आणि जळतही होतं, एकाच वेळी.

त्याच दुपारी माय अंगणात भांडी घासत होती. मी पोरीला निजवून तिच्याजवळ जाऊन बसले. सहज विचारल्यासारखं केलं.

"बाबानं मले कधी असं पाह्यलं का वं, माय?"

माय राखेने पातेलं घासत होती. हात थांबला नाही. "मंग हे शिकले कुठं ते?" ती म्हणाली.

मला कळलं नाही.

"तुह्याआधी एक पोरगा होता," माय म्हणाली. तो होता आणि लहानपणीच गेला, एवढं मला माहीत होतं. कसा गेला हे घरात कुणी बोलत नसे. "हगवनीनं गेला. अंगारे झाले, नवस झाले, कोंबडं कापलं. पोराचे कपडे मी एकटी धुवत होती. रगत पडत होतं. मी लहान होती वं, मले वाटे पडत असन थोडं थोडं. मी कोनाले सांगतलं नाई. अन् ह्यायनं एकबी कपडा पाह्यला नाई. ते बाईमानसाचं काम. पोरगा गेल्यावर मी सांगतलं, रगत होतं. तं कितीतरी दिवस अन्न गोड लागलं नाई त्याहिले. म्हने, मिलमधला एक डाग चुकत नाई माह्या नजरेतून, अन् घरातला मी पाह्यलाच नाई."

पातेलं तिने उलटं केलं आणि बुड घासायला घेतलं.

"मंग दीक्षा झाली. देव शिरवले. मंग तू झाली. अन् तुलेबी तसंच लागलं. सारे म्हनत, एकडाव अंगारा लावून पाहा. नाई म्हने. तुहा एकबी लंगोट पाह्यल्याबिगर धुवू देल्ला नाई मले. मिलच्या जेवनाच्या सुट्टीत सायकलनं येत, लंगोट पाहत, उपाशीच परत जात. उजेडात धरत, अन् तुले उचलून तुह्याशीच बोलत. 'बाई, आज सेकंड हाय वं. उद्या पास होजो. होशीन ना वं, बाई?' लोक हासत. अन् ज्या दिवशी पास म्हनाले ना, त्या दिवशी याच जागी बसून लेकरावानी रडले. तुले पोटाशी धरून. मी त्याहिले तेव्हाच रडताना पाह्यलं, मंग कधीच नाई."

आतून पोरीचा आवाज आला म्हणून मी उठले. दारातून बघितलं तर बाबा आधीच तिच्याजवळ पोचले होते. मांजर त्यांच्या पायात घोटाळत होती. ते पोरीच्या कानाशी वाकून काहीतरी पुटपुटत होते, मला ऐकू येणार नाही इतक्या हळू.

बाबांना मी त्याबद्दल कधी विचारलं नाही. विचारलं असतं तरी ते काही बोलले नसते. मला आनंद व्हायला हवा होता, आणि मायला तेच वाटलं असणार. म्हणून तर तिने सांगितलं. मांजर पुढे खूप वर्षं जगली आणि तिच्यावरचा माझा राग कधी गेला ते मलाही कळलं नाही. लेकीवर तर कोण किती दिवस जळणार. पण माय सांगत होती ती पोर मला कुठे आठवते? तिला बाबांनी पोटाशी धरलं. तिच्यासाठी ते उपाशी आले आणि उपाशी गेले. तिच्याशी ते बोलले, रोज बोलले, बाई म्हणाले. मला सही मिळाली, आणि बाकी सगळं तिला मिळालं. त्या पोरीचा हेवा मला अजून वाटतो.